सप्टेंबर १९४८ : एका आठवड्याच्या बातम्या

परवा नातवाने फोनवर विचारले, "आजोबा, रोज सकाळी त्या लांबच्या लढायांच्या बातम्या कशाला ऐकता? आपल्या वळसंगचा त्यांच्याशी काय संबंध?" फोनवर नीट उत्तर जमले नाही, म्हणून इथे लिहितो.

सप्टेंबर १९४८ मधला एक आठवडा घ्या. ११ तारखेला कराचीत बॅरिस्टर जिना वारले. बर्लिनची रशियाने नाकेबंदी केली होती आणि तिथे विमानांनी धान्य-कोळसा पोचवणे चालू होते. १७ तारखेला जेरुसलेममध्ये राष्ट्रसंघाचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा खून झाला. आणि या सगळ्यांच्या पंक्तीला बसलेली चौथी बातमी होती आपल्या शेजारच्या नळदुर्गची!

तेव्हा सोलापूर जिल्हा मुंबई प्रांतात होता. तुळजापूर, नळदुर्ग ही निजामाची हद्द. माझे वडील सांगायचे, त्या वर्षी हद्दीपलीकडून माणसे बैलगाड्यांत भांडीकुंडी घालून सोलापूरकडे येत. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांची दहशतच तशी होती. मे महिन्यात गाणगापूर स्टेशनावर मद्रास-मुंबई गाडीवर हल्ला झाला. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी निजामाला हत्यारे पोचवत होता.

निजामाने २१ ऑगस्टला सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा सोलापूरहून निघाल्या. बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल उडवला जाण्याआधीच त्यांच्या हाती आला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषद बसली. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार उभे राहिले. विषय चर्चेला घ्यावा असे आठ मते पडली, विरोधात एकही नाही, तिघे तटस्थ. दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि २२ तारखेला तार करून तक्रारही मागे घेतली. पॅरिसचे कागद हलेपर्यंत इथला निकाल लागला होता.

मी इतकी वर्षे वर्गात हे इथपर्यंतच शिकवले. "पोलीस कारवाई झाली, मराठवाडा मुक्त झाला." फळा पुसला की तास संपला.

पुढची गोष्ट मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाली. कारवाईनंतर मराठवाड्यात आणि कर्नाटकाच्या बाजूला मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार गावोगाव फिरले. किमान २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आहे. हा अहवाल सरकारने छापला नाही. तो लोकांच्या हाती यायला कित्येक दशके गेली.

याचा अर्थ रझाकारांचे अत्याचार खोटे होते असा नाही. ते खरेच होते, बैलगाड्याही खऱ्या होत्या. पण त्यानंतर जी माणसे मेली त्यांतल्या बहुतेकांनी हातात काठीही धरली नसेल. वडिलांनी येणाऱ्या गाड्या सांगितल्या. नंतर कोण कुठे पळाले, हे मी त्यांना कधी विचारलेच नाही. आता विचारायला ते नाहीत.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवले, स्वतःचा जीव गमावूनही. आपल्या सोलापूर भागात मागाचा आवाज कोणाला नवा नाही, म्हणून ही ओळ मला फार जवळची वाटली. ही तरी मी वर्गात सांगायला हवी होती.

तर बाळा, संबंध हा असा आहे. लांबच्या बातमीत "शहर पडले, युद्ध संपले" असे ऐकले की मला नळदुर्गचा पूल आठवतो आणि मनात येते, आता तिथल्या गल्ल्यांत काय चालले असेल? ते कोण लिहून ठेवील आणि ते किती वर्षांनी वाचायला मिळेल?

असो. यंदा १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाले की घरच्या मुलांना ही गोष्ट सांगा. पूर्ण सांगा.