बालवीरांची छावणी

बालवीरांची छावणी म्हटली, कीं राहुट्या, दोर व भांडीं यांची यादी डोळ्यांपुढें येते. १९०७ सालच्या ऑगस्टांत इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनीं पहिली छावणी भरविली, तिच्यांतही हें सामान होतेंच. परंतु खरें नवल तिच्या रचनेंत आहे, असें आम्हांस वाटतें. बड्या शाळांतील व कामकऱ्यांच्या घरचीं मिळून सुमारें वीस मुलें चार टोळ्यांत मिसळलीं. प्रत्येक टोळीस स्वतःची राहुटी, आणि नायक मुलांतलाच.

१९०९ सालीं हीच चळवळ बंगळुरास आली, तेव्हां मात्र हिंदी मुलांस राहुटीचें दार बंद होतें! ॲनी बेझंट यांना निराळी संस्था काढावी लागली. ती १९२१ सालीं मूळ संघटनेंत मिळाली. राहुटी उभारण्यास घटका पुरते. तींत सर्वांस जागा करून देण्यास बारा वर्षें लागलीं.