काळ्या लाकडावरील पांढरें सूत

पांझरेच्या दक्षिण तीरावर धुळें आणि उत्तर तीरावर देवपूर. या परिसरांत इतिहासाचें नांव निघालें कीं प्रथम आठवण होते ती राजवाड्यांची. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यांतच निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठीं येथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. कागदावरची शाई कशी वाचावी, हें त्या थोर पुरुषानें महाराष्ट्राला शिकविलें. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र कोणत्याहि दप्तरांत न सांपडणाऱ्या एका रेघेविषयीं. ती रेघ म्हणजे सुतारानें लाकडावर आंखलेली खूण.

सुतार हा शब्द संस्कृत सूत्रधार शब्दावरून आला. करवत किंवा वाकस यांवरून नव्हे, तर सुतावरून या कारागिराला नांव मिळालें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मयमतासारख्या जुन्या वास्तुग्रंथांत कारागिरांचे चार वर्ग सांगितले आहेत: स्थपति, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकि. त्यांत सूत धरणाऱ्याचें स्थान स्थपतीच्या खालोखाल आहे. तोडणारा त्याच्या मागून येतो. आपल्या बोलण्यांतहि सरळ माणूस सुतासारखा असतो, आणि सुताराच्या मापांत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत.

सागाचें काम असलें म्हणजे हें सूत सहज चालतें. दोरी गेरूंत किंवा काजळींत बुडवावी, दोन टोंकें ताणून धरावीं, मध्यें चिमटींत उचलून सोडावी. पिंवळसर लाकडावर सरळ, स्पष्ट रेघ उमटते. परंतु खानदेशच्या रानांत केवळ सागच नाहीं. येथला अंजन प्रसिद्ध आहे. त्याचा गाभा काळसर तांबडा, इतका कठीण आणि जड कीं पाण्यांत टाकला तर बुडावा. शिसवीचा गाभाहि जांभळट काळा. अशा लाकडावर गेरू आपल्याच रंगांत हरवतो आणि काजळी तर दिसतच नाहीं. ही अडचण जुनी आहे. ग्रीक लोकांत पांढऱ्या दगडावरच्या पांढऱ्या सुताची म्हण होती, आणि स्वतःला सौंदर्याची पारख नाहीं हें सांगतांना प्लेटोच्या एका संवादांत सॉक्रेटिस तिचाच आधार घेतो.

काळ्या लाकडाला मग पांढरें सूत लागतें. दोरीला खडूची किंवा चुन्याची पूड चोळली कीं रेघ उठून दिसते. पण ती जाड असते आणि हात लागतांच पुसते. ओंडका चिरावयाचा असेल तर तेवढ्यानें भागतें. कुसूं आणि खोबण यांचा सांधा बसवावयाचा असेल तर अर्ध्या सुताची चूकहि जन्मभर खिळखिळते. म्हणून बारीक कामांत गुण्या धरून टोंकदार लोखंडानें लाकडावर ओरखडा काढावा, त्यावर खडू घासावा आणि वरची पूड पुसून टाकावी. खांचेंत उरलेली पांढरी धार हीच खरी रेघ. खडू उडून गेला तरी लाकूड तिरप्या उन्हांत धरावें. ओरखड्याची सांवली रेघ दाखविते.

आतां धुळ्याकडे वळूं. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें कारभाराचें ठाणें केलें. तेव्हां तें बागाइतानें वेढलेलें लहानसें गांव होतें. ब्रिग्जनें कचेऱ्या बांधण्यासाठीं दूरदूरचे कारागीर आणविले, घरांसाठीं जागा कायमच्या बिनसाऱ्यानें दिल्या आणि पक्कीं घरें उभारतां यावींत म्हणून आगाऊ रकमाहि दिल्या. १८८० च्या मुंबई गॅझेटियरच्या खानदेश-खंडांत हा वृत्तान्त आहे. अधिकाऱ्याचें नांव त्यांत राहिलें; कारागीर केवळ "कारागीर" म्हणूनच राहिले.

त्यांचा लेख कागदावर नसला तरी लाकडावर असूं शकतो. सुताराची बहुतेक रेघ करवतीखालीं आणि रंध्याखालीं नाहींशी होते, कारण नाहींशी होण्यासाठींच ती काढलेली असते. परंतु सांध्याच्या आंत, कुशाच्या मुळाशीं, जेथें रंधा पोंचत नाहीं तेथें ती टिकते. जुना वाडा उतरवितात तेव्हां तुळया आणि खांब विकले जातात किंवा चुलींत जातात, आणि सांधे उघडण्याची ती पहिली व शेवटची वेळ असते. श्रोतेहो, असा प्रसंग आपल्या आळींत येईल तेव्हां घटकाभर थांबा, सुटलेला सांधा उन्हांत तिरपा धरा आणि पहा. कोणा अनामिकानें काढलेली सरळ रेघ तेथें असेल. तिचें माप आणि जागा टिपून ठेवा. राजवाड्यांच्या गांवांत एवढें तरी व्हावें.