पेन्सिलीच्या शिशातला नकाशा

पेन्सिलीनं रेघ ओढली की ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटून कागदाला चिकटतात. पापुद्र्यात कार्बनचे अणू घट्ट बांधलेले असतात. दोन पापुद्र्यांमधलं बंधन मात्र सैल. या पापुद्र्यांमधून वीज कशी वाहते, या प्रश्नाला मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी पन्नासेक वर्षं दिली.

जन्म १९३०चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. शाळेत शिकवायचं या विचारानं हंटर कॉलेजात गेल्या. तिथे रोझलिन यॅलो यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे वळवलं. १९५८मध्ये शिकागोला अतिवाहकतेवर डॉक्टरेट झाली आणि १९६०मध्ये त्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत आल्या. तेव्हा सगळ्यांचा ओढा सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांकडे. बाईंनी कार्बन निवडला. विषय किचकट, म्हणून गर्दी नाही. घरी मूल आजारी पडलं आणि एक दिवस चुकला, तरी आभाळ कोसळणार नव्हतं. हा हिशेब त्यांनीच पुढे सांगितला आहे.

आता मुख्य गोष्ट. ग्रॅफाइट प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवायचं, त्यावर प्रकाश टाकायचा आणि परावर्तन मोजायचं. यावरून इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा नकाशा काढता येतो. त्यात इलेक्ट्रॉन कुठे आणि ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, कुठे, हे सर्वांनी ठरवून टाकलं होतं. बाईंचे लेखही त्यावरच उभे होते. पुढे लेसर हाती आला. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन एका दिशेनं फिरतो, होल उलट दिशेनं. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशानं हा फरक ओळखता येतो. पॉल श्रोडर आणि अली जवान यांच्याबरोबर त्यांनी तपासलं, तर जागा नेमक्या उलट निघाल्या! १९६८मध्ये त्यांनी ते छापलं.

आम्ही वर्षानुवर्षं वर्गात पॉपर शिकवला: जो सिद्धांत खोटा ठरू शकतो, तोच वैज्ञानिक. फळ्यावर लिहायला हे सोपं असतं. इथे खोटं ठरत होतं ते स्वतःच्या नावानं छापलेलं, आणि ठरवणाऱ्याही आपणच. आपल्यापैकी किती जणांनी हे केलं असतं?

पुढचं काम या दुरुस्त नकाशावर झालं. १९७३पासून त्यांनी ग्रॅफाइटच्या थरांमध्ये दुसरे अणू घुसवून थर एकमेकांपासून दूर केले. १९९२मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं, की कार्बनचा एकच थर गुंडाळून नळी केली, तर गुंडाळण्याच्या रीतीवर ती धातूसारखी वागेल की अर्धवाहकासारखी, हे ठरतं. असा एकटा थर, म्हणजे ग्राफीन, गाइम आणि नोवोसेलोव यांनी २००४मध्ये चिकटपट्टीनं सोडवला आणि २०१०चं नोबेल मिळवलं.

बाई २०१७च्या फेब्रुवारीत गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्याच एमआयटीत ग्राफीनचे दोन थर सुमारे १.१ अंशांनी तिरपे ठेवले गेले, आणि अतिशीत तापमानाला त्यांत अतिवाहकता दिसली. म्हणजे शिकागोतला त्यांचा पहिला विषय. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ.