तळटीप : ‘चाचेगिरी करणाऱ्या कुलीन स्त्रिया’

१. ‘चाचेगिरी करणाऱ्या कुलीन स्त्रिया’ : हा निर्देश न्यूझीलंडच्या लेखिका इंडिया होल्टन यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द विस्टेरिया सोसायटी ऑफ लेडी स्काउंड्रल्स’ या प्रणयकादंबरीस अनुलक्षून आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील इंग्लंडात, मंत्रोच्चाराने आपली राहती घरे आकाशात उडवीत लूट करणाऱ्या आणि तरीही चहापानाचे शिष्टाचार काटेकोरपणे पाळणाऱ्या स्त्रियांचे जे मनोहर चित्र लेखिकेने रंगविले आहे, ते सर्वस्वी कल्पित असले, तरी स्त्री-चाच्यांची मूळ कल्पना मात्र निराधार नाही, हे वाचकाने ध्यानी घ्यावे. ॲन बॉनी व मेरी रीड या स्त्री-चाच्यांवर १७२० च्या नोव्हेंबरात जमैका बेटावर रीतसर खटला चालला. त्याचा वृत्तांत पुढल्याच वर्षी छापला गेला, आणि त्यात डोरोथी थॉमस या साक्षीदार स्त्रीची जी जबानी आहे, तीत या दोघी पुरुषी जाकीट व लांब विजार घालून, डोक्यास रुमाल बांधून, हाती कोयता व पिस्तूल घेऊन गलबतावर वावरत होत्या, असे स्वच्छ नमूद आहे. फाशीचा हुकूम होताच दोघींनी आपण गर्भवती असल्याचे निवेदन केल्यामुळे सजेची अंमलबजावणी तहकूब झाली. मेरी रीड १७२१ मध्ये कैदेतच वारली. कॅप्टन चार्ल्स जॉन्सन या नावाने १७२४ साली निघालेल्या ग्रंथात या दोघींच्या बालपणाच्या व प्रेमप्रकरणांच्या ज्या हकिगती येतात, त्यांना दफ्तरी आधार नसल्याने, आमच्या मते, त्यांची गणना दंतकथांतच केली पाहिजे. — संपादक