अकरा गडी आणि बारावा

फुटबॉलचा सामना अकरा गडी खेळतात, ही गोष्ट शाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. पण ते अकरा कोणते, हे ठरविताना मोठमोठ्या प्रशिक्षकांची झोप उडालेली आहे. जिंकणाऱ्या संघाला हात लावू नये, असे एक मत. दमलेल्याला वेळीच विसावा द्यावा आणि ताज्या दमाच्या गड्याला उतरवावे, असे दुसरे. या दोन मतांचा झगडा या खेळाच्या इतिहासात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. त्यातून कोणाला अमाप कीर्ती लाभली, तर कोणाच्या वाट्याला जन्मभर पुरणारी हळहळ आली. म्हणून हा इतिहास केवळ खेळाच्या शौकिनांनीच ऐकावा असा नाही. जेथे जेथे काही माणसांनी पुढे जायचे आणि काहींनी मागे थांबायचे असते, तेथे तेथे तो लागू पडतो.

इंग्लंडमध्ये १८८८ साली बारा क्लबांची साखळी स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच हंगामात प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाने २२ सामन्यांपैकी १८ जिंकले, ४ बरोबरीत सोडविले आणि एकही गमावला नाही. त्या काळी, आणि पुढे जवळजवळ पाऊण शतक, या स्पर्धेत एक कडक नियम होता. सामना सुरू झाल्यावर गडी बदलता येत नसे. एखाद्याचा पाय दुखावला, तर त्याने लंगडत कडेला उभे राहावे आणि उरलेल्या दहांनी खिंड लढवावी. अशा स्थितीत सकाळी कागदावर लिहिलेली अकरा नावे म्हणजे दगडावरची रेघ. साहजिकच प्रशिक्षक पारखलेल्या माणसांवर भिस्त ठेवीत. एकत्र खेळून खेळून गड्यांना एकमेकांची चाल न पाहता कळू लागते, आणि हे ज्ञान फळ्यावर खडूने शिकविता येत नाही. स्थिर संघाच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच.

या मताचा परमोत्कर्ष पाहावयाचा असेल, तर हंगेरीकडे जावे लागेल. १९४९ साली बुडापेस्टचा होनवेद क्लब तेथील सैन्याच्या ताब्यात आला आणि देशातील निवडक गडी तेथे एकत्र आणले गेले. पुश्काश, बोझिक, कोचिश, त्सिबोर आणि गोलरक्षक ग्रोशिच हे सारे आठवडाभर एका क्लबात खेळत आणि देशासाठीही एकत्रच उतरत. प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांना जणू तयार कुटुंबच हाती मिळाले. १९५२ साली हेलसिंकीला या संघाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर त्यांनी इंग्लंडला ६–३ असे नमविले. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंडने स्वगृही हार खाल्ली, ती प्रथमच. १९५४ च्या जूनमध्ये विश्वचषकासाठी हा संघ स्वित्झर्लंडमध्ये उतरला, तेव्हा चार वर्षे त्याला पराभव ठाऊक नव्हता.

त्याच्या समोर उभा ठाकला तो पश्चिम जर्मनीचा वयस्क प्रशिक्षक झेप हेरबर्गर. त्या वर्षीच्या स्पर्धेची रचना मोठी चमत्कारिक होती. चार संघांच्या गटात दोन संघ मानांकित, आणि प्रत्येकाने दोनच सामने खेळावयाचे. दुसऱ्या स्थानासाठी गुण सारखे झाले, तर गोलांचा हिशेब न करता पुन्हा एक निर्णायक सामना घ्यावयाचा. जर्मनीने पहिल्या सामन्यात तुर्कस्तानला ४–१ असे हरविले होते. पुढे हंगेरीशी गाठ. हेरबर्गरने नियम बारकाईने वाचला होता. हंगेरीकडून एका गोलाने हरा की पाच गोलांनी, परिणाम एकच. तुर्कस्तानने दुबळ्या दक्षिण कोरियाला हरविले, की पुन्हा तुर्कस्तानशीच खेळावे लागणार. मग आपले उत्तम गडी हंगेरीपुढे का झिजवावयाचे?

२० जून १९५४ रोजी बाझेल शहरात जर्मनीचा जो संघ उतरला, तो पाहून त्या देशातून आलेले हजारो प्रेक्षक चक्रावले. गोलरक्षक टुरेक नाही, मोरलॉक नाही, ऑटमार वाल्टर नाही, शेफर नाही. हंगेरीने ८–३ असा धुव्वा उडविला. वर्तमानपत्रांनी आणि संतप्त पत्रलेखकांनी हेरबर्गरवर टीकेचा भडिमार केला. दूरच्या गावाहून पदरमोड करून आलेल्या माणसाला राखीव संघाचा पराभव दाखवावा, हा त्याचा अपमान नव्हे काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर हेरबर्गरपाशीही नसावे. तीन दिवसांनी विसावलेल्या संघाने तुर्कस्तानला ७–२ असे हरविले आणि टीका थोडी निवळली.

पण त्या बदनाम सामन्याने आणखी एक काम केले होते. त्यात उजव्या बगलेवर हेल्मुट राहन नावाचा गडी खेळला. पहिल्या सामन्यात त्याला जागा नव्हती, आणि तुर्कस्तानविरुद्धच्या निर्णायक सामन्यातही तो बाहेरच होता. बाझेलच्या पराभवात त्याने एक गोल केला होता. उपांत्यपूर्व सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध हेरबर्गरने त्याला पुन्हा उतरविले आणि तेथून तो संघात कायम झाला. बाझेललाच लीब्रिख या जर्मन गड्याशी झालेल्या झटापटीत पुश्काशचा घोटा दुखावला होता. पुढचे दोन सामने त्याला मुकावे लागले.

४ जुलै रोजी बर्न येथे अंतिम सामना झाला तो भर पावसात. हंगेरीने चार दिवसांपूर्वी उरुग्वेशी १२० मिनिटे झुंज दिली होती. जर्मनीने त्याच दिवशी ऑस्ट्रियाला ६–१ असे सहज लोळविले होते. पुश्काश पुरता बरा झालेला नव्हता. तरीही शेबेशला तो वगळवेना. ज्याच्याभोवती सारा संघ उभा राहिला, त्याला त्या दिवशी बाहेर बसवावयाचे कसे? आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले, त्यांतील पहिला पुश्काशचाच. अठराव्या मिनिटापर्यंत जर्मनीने बरोबरी साधली, आणि सामना संपण्यास सहा मिनिटे उरली असता राहनने तिसरा गोल केला. ३–२. चार वर्षांत न हरलेला संघ हरावयाचा नेमका त्याच दिवशी हरला. बुडापेस्टच्या रस्त्यांवर संतापलेले जमाव उतरले. १९५६ च्या उठावानंतर पुश्काश, कोचिश, त्सिबोर परदेशी गेले आणि ते कुटुंब कायमचे विखुरले.

एका सामन्याचे यश एकाच कारणाला बांधणे योग्य नाही. पाऊस, नशीब आणि पंचांचे निर्णय यांचाही त्यात वाटा असतो. तथापि एवढे खरे की, हेरबर्गरने विसावा दिलेले पाय शेवटच्या दिवशी ताजे होते, आणि संधी दिलेला राखीव गडी त्याला विश्वचषक देऊन गेला.

बारा वर्षांनी इंग्लंडमध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. १९६६ च्या विश्वचषकात आल्फ रॅम्से यांनी पहिल्या तीन सामन्यांत बगलेवर तीन वेगवेगळे गडी अजमावले: कोनेली, पेन आणि कॅलाहन. तिघेही त्यांना पुरेसे वाटले नाहीत. फ्रान्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात जिमी ग्रीव्ह्ज या नामांकित आघाडीवीराच्या पायाला जखम झाली आणि टाके घालावे लागले. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. अर्जेंटिनाविरुद्ध एकमेव गोल हर्स्टने केला. पोर्तुगालविरुद्ध तोच संघ जिंकला. अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्ह्ज बरा झाला होता. देशासाठी ५७ सामन्यांत ४४ गोल, अशी त्याची एकूण कामगिरी. त्याला घ्यावे की जिंकणारे अकराच ठेवावेत?

रॅम्से यांनी अकरा बदलले नाहीत. ३० जुलै रोजी हर्स्टने तीन गोल केले आणि इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४–२ असे हरविले. निर्णय बरोबर ठरला, यात शंका नाही. पण ग्रीव्ह्जला सामन्याच्या मध्यावरही उतरविता येत नव्हते, कारण त्या स्पर्धेत बदली गड्याची सोयच नव्हती. साऱ्या देशाचा जल्लोष चालू असता तो साध्या पोशाखात मैदानाच्या कडेला उभा होता. पदकेही त्या वेळी मैदानात खेळलेल्या अकरांनाच मिळाली. ग्रीव्ह्ज आणि इतर राखीव गड्यांना ती मिळावयास २००९ साल उजाडावे लागले. स्थिर संघाची किंमत कोणीतरी मोजतो, आणि बहुधा तो बाकावर बसलेला असतो.

आपल्या देशातही एका प्रशिक्षकाने या कोड्याचे निराळे उत्तर शोधले होते. हैदराबादच्या जुन्या माणसांना सय्यद अब्दुल रहीम हे नाव सांगावयास नको. पेशाने शिक्षक असलेल्या या गृहस्थांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाला घडविले, आणि त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघ त्यांच्या हाताखाली होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला ०–२ असे हरविले. पुढे थायलंडविरुद्ध जर्नेल सिंग या खंद्या बॅकच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. असा गडी बचावात ठेवणे धोक्याचे. वगळावा तर हिंमतीचा माणूस जातो. रहीमसाहेबांनी उपांत्य आणि अंतिम सामन्यांत त्याला चक्क आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबर रोजी त्याच दक्षिण कोरियाला भारताने २–१ असे हरविले. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा या जखमी जर्नेलचा. त्या विजयी संघात गोव्यात जन्मलेला फॉर्च्युनाटो फ्रँको हाफबॅक होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. माणूस न बदलता त्याची जागा बदलावी, ही रहीमसाहेबांची युक्ती. पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत १९६५ साली एका बदली गड्याला परवानगी मिळाली, तीही केवळ कोणी जखमी झाल्यास. गंमत अशी की, त्याच हंगामात लिव्हरपूलने ४२ सामन्यांत अवघे १४ गडी वापरून विजेतेपद मिळविले. १९८०–८१ साली अॅस्टन व्हिला संघाने याचीच पुनरावृत्ती केली. प्रशिक्षक रॉन सॉन्डर्स यांनी ४२ सामन्यांत १४ गडी खेळविले आणि त्यांतील सात गडी प्रत्येक सामन्यात होते. स्थिर संघाचे भक्त आजही हे उदाहरण पुढे करतात.

पण त्या वर्षीचा दुसरा संघही पाहावा. इप्सविचने व्हिलाला त्या हंगामात तीनदा हरविले होते. इप्सविचही आपल्या नेहमीच्या गड्यांवरच विसंबून होता. मात्र त्याला युरोपातील स्पर्धाही खेळावयाची होती. ती त्याने जिंकली, आणि वर्षाअखेर त्याचे साठाहून अधिक सामने झाले. व्हिलाचे आव्हान दोन्ही चषकस्पर्धांत लवकर संपल्यामुळे त्याला मधल्या काळात पुरेशी उसंत मिळाली. शेवटी इप्सविचचे पाय जड झाले आणि व्हिला चार गुणांनी पुढे राहिला. तेव्हा स्थिर संघ हे पुष्कळदा प्रशिक्षकाच्या तत्त्वाइतकेच वेळापत्रकाचे देणे असते.

याचा आणखी एक पुरावा २०१६ साली मिळाला. इटलीचे क्लॉडिओ रानिएरी पूर्वी चेल्सी क्लबात असताना इतके बदल करीत की, वृत्तपत्रांनी त्यांना ‘टिंकरमन’, म्हणजे सतत ठाकठूक करणारा, असे नाव ठेवले होते. याच रानिएरींनी लेस्टर या सामान्य समजल्या जाणाऱ्या संघाला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले, आणि तेही त्या हंगामात इतर सर्व संघांहून कमी बदल करून! लेस्टरला त्या वर्षी युरोपातील सामने नव्हते. माणूस तोच, परिस्थिती निराळी. म्हणून धोरण निराळे. पुढे सामने वाढतच गेले. २०२० साली साथीच्या काळात प्रत्येक सामन्यात पाच बदली गड्यांची तात्पुरती सवलत मिळाली आणि २०२२ साली ती नियमात कायम झाली. आज मोठ्या क्लबांत अकरांचा संघ ही जुनी कल्पना मागे पडून वीस-बावीस जणांचा संघ ही कल्पना रूढ झाली आहे.

मग या झगड्याचा निकाल काय? तो व्हिलाच्याच पुढच्या कथेत थोडाबहुत सापडतो. विजेतेपदामुळे व्हिलाला युरोपातील सर्वश्रेष्ठ चषकासाठी खेळता आले. २६ मे १९८२ रोजी रॉटरडॅमला बायर्न म्युनिकशी अंतिम सामना होता. पहिल्या दहा मिनिटांतच गोलरक्षक जिमी रिमर दुखापतीमुळे बाहेर गेला. हा रिमर १९६८ साली मँचेस्टर युनायटेडचा राखीव गोलरक्षक म्हणून असाच अंतिम सामना बाकावरून पाहणारा गडी होता. त्याच्या जागी आला नायजेल स्पिंक. मुख्य संघातून तो तोवर एकच सामना खेळला होता. स्थिर संघाच्या छायेत त्याची वर्षे सरावातच गेली होती. त्या रात्री जर्मन आघाडीचा मारा त्याने जवळजवळ दीड तास थोपविला, पीटर विथने एक गोल केला आणि व्हिला १–० असा जिंकला.

स्पिंकला त्या दिवसापूर्वी कोणी विचारले असते, तर आपली पाळी येईल असे त्याला छातीठोकपणे सांगता आले नसते. तरी तो तयार होता. प्रशिक्षकाने संघ बदलावा की राखावा, हे दिवस, सामने आणि दुखापती पाहून ठरेल, आणि दर पिढीत त्याचे उत्तर थोडे बदलत राहील. परंतु बाकावर बसलेल्या माणसाची तयारी रोज करून घेणे आणि त्याला आपण मोजणीत आहोत असे वाटत ठेवणे, हे काम कोणत्याही मताच्या प्रशिक्षकाला टळत नाही. हेरबर्गरने ते केले म्हणून राहन त्याला मिळाला. रॅम्से यांचा निर्णय अचूक असूनही ग्रीव्ह्जचे पदक त्रेचाळीस वर्षे वाट पाहत राहिले. विजयाच्या यादीत अकरा नावे लिहिली जातात. ती लिहिताना बाराव्याची आठवण ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.