देवराष्ट्राची कन्या आणि मुंबई इलाख्यांतील स्त्रियांचा मताधिकार

सातारा प्रांताच्या इतिहासांत राज्यकारभार पाहणाऱ्या स्त्रियांची वाण नाहीं. इ. स. १७०० मध्यें छत्रपति राजाराममहाराज निवर्तल्यावर ताराबाईंनीं औरंगजेबाशीं सात वर्षें झुंज दिली, हें सर्वश्रुतच आहे. परंतु तो कारभार त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या नांवें चालला. सत्ता हातीं असणें व स्वतःच्या नांवाचा कायदेशीर हक्क असणें, या दोन निराळ्या गोष्टी होत. हा भेद ध्यानीं घेतल्यावांचून पुढील हकीकतीचें मोल कळावयाचें नाहीं.

त्या काळच्या सातारा जिल्ह्यांतील व आज सांगली जिल्ह्यांत असलेल्या देवराष्ट्रे गांवीं कुर्लेकर घराण्यांत इ. स. १८६२ मध्यें यमुना नामक कन्या जन्मली. त्याच पुढें रमाबाई रानडे झाल्या. १८७३ सालीं विवाह झाला, तेव्हां त्यांस अक्षरओळखहि नव्हती. ती पुढें न्यायमूर्ति माधवरावांनीं करून दिली. १९०१ मध्यें वैधव्य आलें. परंतु १९०४ च्या भारत महिला परिषदेचें अध्यक्षपद व १९०९ पासून पुणें सेवासदनाचें कार्य त्यांनीं सांभाळिलें.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानें स्त्रियांस मत दिलें नाहीं. तो निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोंपविला. तेव्हां या इलाख्यांत चळवळ संघटित करणाऱ्यांत रमाबाई अग्रणी होत्या. मद्रासनंतर जुलै १९२१ मध्यें मुंबई कौन्सिलानें स्त्रीत्वाची आडकाठी दूर केली. रमाबाई १९२४ मध्यें वारल्या.

तथापि या विजयाची मर्यादा आमच्या मतें पुरेशी लक्षांत घेतली गेलेली नाहीं. मताची पात्रता जमीनधारा, कर इत्यादींवर ठरे. खातें बहुधा पतीच्या नांवें असे. मग ज्या विधवेच्या नांवें जमीन चढली असेल, तिलाच मत मिळण्याचा संभव अधिक. म्हणजे पतीच्या हयातींत जें लाभलें नाहीं, तें त्याच्या पश्चात् लाभावें, असा हा विचित्र न्याय! शिवाय सांगली, औंध इत्यादि संस्थानांस कौन्सिलाचा ठराव लागू नव्हता. १९३५ च्या कायद्यानें कांहीं मतदारांच्या पत्न्यांस व साक्षर स्त्रियांस वाट मोकळी केली. १९३७ मध्यें डॉ. गो. वि. देशमुख यांच्या कायद्यानें हिंदु विधवेस पतीच्या मिळकतींत हयातीपुरता हिस्सा दिला. सरसकट प्रौढ मताधिकार मात्र १९५० च्या राज्यघटनेनें आला. तरीहि १९५१-५२ च्या निवडणुकीपूर्वीं अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढीच नोंद असलेल्या सुमारें २८ लक्ष स्त्रिया, बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतील, यादींतून गळाल्या. ताराबाईंच्या काळचा नांवाचा प्रश्न अडीचशें वर्षांनींहि सुटला नव्हता.

म्हणून संग्राहक मित्रांस आमची विनंति आहे. जुन्या सनदा, महजर आपण जिवापाड जपतां. त्याच दप्तरांतील छापील मतदारयाद्या, विधवांच्या नांवचे खातेउतारे, स्त्रियांच्या सह्यांचे अर्ज मात्र रद्दींत जातात. ज्या कागदावर एखादी स्त्री प्रथमच स्वतःच्या नांवानें उभी राहिली, तो कागद कोणत्याहि सनदेहून कमी नव्हे.