मूकपटांतील चोर आणि शिपाई

कुरवंड्याहून लेख आला म्हणजे तो १६६१ मधील उंबरखिंडींत झालेल्या कारतलबखानाच्या फजितीविषयींच असणार, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. आज आम्ही निराळ्याच फजितीविषयीं लिहीत आहों.

मूकपटांच्या काळीं चोर व पोलीस यांच्या पाठलागाचीं विनोदी चित्रें लोकांस एवढीं कां आवडलीं? हा विनोद विलायतेंतून आला, असें सामान्यतः समजतात. तें आम्हांस मान्य नाहीं. मृच्छकटिकाचा तिसरा अंक पाहावा. भिंतीस कोणत्या आकाराचें भोंक पाडावें याचा शर्विलक शास्त्रार्थ करितो; मापाची दोरी विसरली म्हणून जानव्यानें माप घेतो; आणि झोपेंत बरळणारा मैत्रेय दागिन्यांची पेटी आपण होऊन त्याच्या हातीं देतो! सहाव्या अंकांत वीरक व चंदनक हे राजाचे अंमलदार गाडीच्या झडतीवरून हमरीतुमरीवर येतात, चंदनक वीरकास लाथ मारितो, आणि तुरुंगांतून पळालेला आर्यक त्याच गाडींतून निसटतो. पुढें हाच आर्यक राजा होतो. १९१७ मधील चॅप्लिनच्या ‘अ‍ॅडव्हेंचरर’मध्यें कैद्यामागें धांवणारे शिपाई वीरकाच्याच कुळांतले होत. देवलांच्या नाटकामुळें शर्विलक तर मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचाच होता.

१९२७-२८ च्या रंगाचारी समितीनें ‘थीफ ऑफ बगदाद’ हें हिंदुस्थानांत सर्वांत लोकप्रिय ठरलेलें चित्र म्हणून नमूद केलें. त्याचा नायक चोरच. पाठलाग समजण्यास अक्षरओळख लागत नाहीं, हें एक कारण उघड आहे. शिवाय ज्या काळीं शिपाई म्हणजेच सरकार, त्या काळीं तो चिखलांत आपटलेला पाहण्यांत कांहीं निराळेंच सुख असलें पाहिजे. मात्र त्यास राजकारण म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. लंडनचे प्रेक्षकही तितकेच हंसत.

खरी अडचण साधनांची आहे. हिंदी मूकपट सुमारें तेराशें निघाले. शिल्लक राहिले ते अगदींच थोडे. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा ‘दिलेर जिगर’ (१९३१) सुदैवानें वांचला. त्यांत ललिता पवार आहेत. तो साहसपट, प्रहसन नव्हे. तरी उड्या आणि पाठलाग यांची त्या वेळची गोडी त्यावरून कळते. २००३ मध्यें पुण्यांतच जुन्या नायट्रेट फितींस आग लागून पुष्कळ चित्रें नष्ट झालीं. हंसणाऱ्यांनीं तर बखर लिहून ठेवलीच नाहीं. म्हणून जुन्या खेळांच्या जाहिराती, हस्तपत्रिका, तिकिटांचे तुकडे, जमाखर्चाच्या वह्या कोणाच्या माळ्यावर असल्यास त्या रद्दींत न घालतां मंडळाकडे पाठवाव्यात.